वानगीच्या विटा

"पाय उचला! उचला म्हणतो नं!"

चतुराचा आवाज भट्टी ओलांडून पार नाल्यापर्यंत गेला आणि समोरचा माणूस खरोखरच एका पायावर उभा राहिला... बगळ्यासारखा. दुसरा पाय कुठं टेकवावा ते त्याला सुचेना. चहूकडे कच्च्या विटा वाळत पडल्या होत्या, सकाळीच साच्यातून काढलेल्या, अजून लोण्यासारख्या मऊ.

"किती तुडवल्या?"

त्याने खाली पाहिलं, मागे पाहिलं, चष्मा वर सरकवला. "एक... असावी. फार तर दोन."

"असावी? पायाखाली वीट मोडली ते मानसाले समजत नाई काय?"

"ती मागची आधीच मोडलेली असू शकते," तो म्हणाला. "खात्रीनं सांगता येणार नाही."

चतुराच्या हातात गाऱ्याचा गोळा होता. तो तिने फेकून मारला नाही, हे त्याचं नशीब.

"कोन तुमी?"

"पुलाचा ओवरसियर. नानाजींची भट्टी शोधत होतो."

"सापडली. आता हिच्यावरून उतरा."

तो उतरला. उतरताना आणखी एक वीट चेपली. "ही मात्र माझीच," त्याने कबूल केलं आणि असा काही ओशाळून हसला की चतुराला हसू फुटलं. हसू फुटलं म्हणून संताप दुप्पट झाला. तिने पाठ फिरवली आणि उरलेल्या साऱ्या विटा रागारागात थापल्या. त्या दिवशीच्या विटा, खरं सांगायचं तर, जरा वाकड्याच झाल्या.

त्याचं नाव इंद्रभान. अनसिंगच्या शेतकऱ्याचा पोरगा, नागपूरला ओवरसियरकी शिकून आलेला. कामरगावच्या नाल्यावर विटांच्या कमानींचा पूल व्हायचा होता. विदर्भ मुंबई राज्यात गेल्याला वर्ष उलटलं होतं, आणि एवढी वर्षं पुराने माणसं अडवली ती आता सरकारला दिसली होती. पूल बांधायचा तर विटा हव्यात. गावात भट्ट्या दोनच — एक नानाजींची, एक तांड्यावरच्या भाऊसिंगाची. अकोल्याच्या साहेबाचा हुकूम होता: ज्याची वीट मजबूत त्याची घ्या, दोघांत फरक नसेल तर दोघांची घ्या. फरक आहे की नाही ते या चष्मेवाल्याने ठरवायचं.

नानाजींना पोरगा नव्हता. चतुरा होती. चौथीपर्यंत शिकली, मग साचा हातात आला, आणि आता भट्टी तीच चालवायची. तिचं लग्न या उन्हाळ्यात उरकायचं असं नानाजींनी ठरवलं होतं. कुणाशी, ते त्यांनी तिला विचारलं नव्हतं. बाप लोक बैल घेताना दात पाहतात, चार ठिकाणी विचारतात. पोरगी देताना मात्र त्यांना घाई असते.

इंद्रभान त्यांच्याच जातीतला, सोयरीक जुळण्यासारखा. जात आडवी असती तर ही प्रेमकथा झाली नसती, पंचनामा झाला असता. म्हणजे वाटेत काहीच नव्हतं. काहीच नव्हतं, तरी हा माणूस बोलत नव्हता!

येत मात्र रोज होता. नाल्याच्या काठाला पळस फुलला होता, त्याखालून सायकल ढकलत यायचा. भट्टीशेजारी त्याने आपलं एक यंत्र उभं केलं. यंत्र कसलं, सागाची लांब दांडी. एक टोक खुंटीत अडकवलेलं, दुसऱ्या टोकाला बादली. दांडीखाली दोन लोखंडी कांबींवर वीट आडवी ठेवायची आणि बादलीत हळूहळू वाळू सोडायची. वीट कडकन मोडली की वाळू थांबवायची आणि तोलायची. जितकी वाळू जास्त, तितकी वीट मजबूत.

"भाजलेली वीट मोडाले सरकार पगार देते?" चतुराने विचारलं.

"देतं."

"मंग आमच्या बकऱ्याइले बी लावा कामावर."

तो हसला. हसताना त्याचा चष्मा नाकावरून घसरायचा आणि तो करंगळीने वर ढकलायचा. चतुराला ती करंगळी आवडायला लागली होती, आणि स्वतःचा राग यायला लागला होता. माणसाच्या करंगळीत आवडण्यासारखं काय असतं?

"आधी धरून चालायचं की दोन्ही भट्ट्यांत फरक नाही," तो समजावून सांगायचा. शिकवायला लागला की त्याची बोली शुद्ध व्हायची. "मग विटा मोडायच्या. दोन्हीकडची सरासरी काढायची. सरासरीत थोडाफार फरक पडणारच, तो योगायोगानेही पडतो. पण योगायोगाला पेलणार नाही एवढा मोठा फरक निघाला, तरच म्हणायचं की हो, फरक आहे."

"आन् डोळ्याइनं दिसते ते?"

"डोळ्यांना नेहमी काहीतरी दिसतंच."

"असं?" चतुराने लुगड्याचा काचा घट्ट केला. "मंग एक सांगा. तुमी तांड्याच्या भट्टीवर जाता, तं पाय टेकवून वापस येता. इथं येता, तं पळसाची सावली इकडची तिकडं होते तरी हालत नाई. हा बी योगायोगच?"

तो कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. वाळूच्या बादलीकडे पाहिलं, दांडीकडे पाहिलं, पळसाकडे पाहिलं...

"नमुना लहान आहे," तो शेवटी पुटपुटला.

नमुना लहान! चतुराला वाटलं, या माणसाला दांडीखाली आडवा ठेवावा आणि वाळू सोडावी. किती शेराला तोंड उघडतो ते तरी कळेल.

मग त्याने वानगी मागितली. प्रत्येक भट्टीतून डझनभर विटा. वानगी म्हणजे काय ते कामरगावात कुणाला शिकवावं लागत नाही. बाजारात ज्वारी न्यायची तर पोत्याच्या तोंडाशी निवडलेले टपोरे दाणे ठेवायचे. पाहुण्याला भाकर वाढायची तर फुगलेली वाढायची, करपलेली आपण खायची. याला इथं लबाडी म्हणत नाहीत, रीत म्हणतात. चतुराने अर्धा दिवस भट्टी उपसली. एकेक वीट बोटाच्या पेराने वाजवली; घंटेसारखी वाजली तर बाजूला, नाहीतर परत. कडा पाहिल्या, रंग पाहिला, ओल्या फडक्याने पुसून काढल्या. त्याच्यासाठी होत्या ना!

भाऊसिंगाने हाताला लागल्या त्या गाडीत टाकल्या. अर्धवट भाजलेल्या, जळून झामा झालेल्या, साऱ्या एकत्र. "साहेबाले कायले निवडून देऊ?" तो म्हणाला. "सरकार आपल्याले काही देते तं निवडून देते काय?"

विटा मोडल्या. नानाजींची सरासरी सव्वीस शेर, भाऊसिंगाची बावीस. नानाजींनी मिशीला पीळ भरला. चतुराने इंद्रभानाकडे पाहिलं... आणि इंद्रभान खूश नव्हता. मोडक्या विटांचे तुकडे उलटसुलट करत उकिडवा बसला होता.

"काय झालं? आमची वीट जिंकली तं सुतक आलं काय तुमाले?"

"भाऊसिंगाची एक वीट पंधरा शेराला मोडली, एक एकोणतीसला," तो म्हणाला. "भट्टीतल्या विटा अशाच असतात. मधल्या चांगल्या, कडेच्या कच्च्या. तुमच्या बाराच्या बारा पंचवीस ते सत्तावीसच्या आत. एका आईच्या पोरी इतक्या सारख्या नसतात." त्याने वर पाहिलं. "तुम्ही निवडल्या?"

"मंग? पाव्हण्याले कोनी खरकटं वाढते?" चतुरा ताठ मानेने म्हणाली. "एकेक वाजवून घेतली. तुमच्यासाठी."

'तुमच्यासाठी' हा शब्द तिच्या तोंडून गेला, आणि तिला वाटलं, आता तरी.

तो उभा राहिला. "ही चाचणी बाद," तो म्हणाला. "निवडलेल्या विटांवरून भट्टी कळत नाही. पूल निवडलेल्या विटांचा होणार नाही ना. त्यात कडेच्याही जातील, कच्च्याही जातील, आणि वरून माणसं जातील. पुन्हा काढू."

चतुराच्या डोळ्यांत पाणी आलं. रडण्याचं नव्हे, संतापाचं. अर्धा दिवस पुसलेल्या विटा! "काढा!" ती किंचाळली. "साऱ्या भट्टीचीच मोडून टाका एकेक! घर बी मोडा आमचं!"

दुसऱ्यांदा त्याने रीतच बदलली. दोन्ही भट्ट्यांचे थर, कोपरे, मधली जागा, साऱ्यांना आकडे दिले आणि आकड्यांच्या चिठ्ठ्या मडक्यात टाकल्या. आकडा निघेल तिथली वीट, मग ती कशीही असो. "तुम्हीच काढा," तो तिला म्हणाला, "म्हणजे मी काही केलं असं वाटायला नको." मडक्यात तिचा हात होता, एक चिठ्ठी तळाशी चिकटली होती म्हणून त्यानेही हात घातला. मडक्याचं तोंड अरुंद. दोघांचे हात क्षणभर तिथंच अडकले. तिच्या मनगटावरचा वाळलेला गारा त्याच्या बोटांना लागला. चिठ्ठ्या पाहायला आलेला भाऊसिंग खाकरला.

"साहेब, चिठ्ठी सापडली, का अजून शोधून राह्यले?"

या वेळी नानाजींची सरासरी तेवीस शेर, भाऊसिंगाची बावीस. इंद्रभानाने खूप गुणाकार-भागाकार केले, इंग्रजी पुस्तकातल्या कोष्टकावरून बोट फिरवलं.

"एक शेरानं का होईना, आमीच वर!" चतुरा म्हणाली.

"दोन्हीकडच्या विटा आपसातच इतक्या कमीजास्त आहेत की एवढा फरक योगायोगानेही पडतो. फरक आहे असं म्हणता येत नाही."

"म्हंजे सारख्या आहेत?"

"सारख्या आहेत असंही म्हणता येत नाही. फरकाचा पुरावा मिळाला नाही, एवढंच."

"मंग तुमाले म्हनता तरी काय येते?" चतुराचा बांध फुटला. "आहे म्हनता येत नाई, नाई म्हनता येत नाई! मले तुमचं हे 'असावं', 'असू शकते' आइकून आइकून वीट आला! शुक्रवारी वाशीमचे पाव्हणे येऊन राह्यले मले पाह्याले. अडत्याचा पुतन्या आहे. बाबा हो म्हनन. आइकलं?"

इंद्रभानाने चष्मा काढला. चष्म्याशिवाय त्याचे डोळे एकदम उघडे पडले, घाबरल्यासारखे. काच पुसली, पुन्हा पुसली.

"शुक्रवारी...?" तो म्हणाला. "मग मला उद्याच अकोल्याला जायला पाहिजे. अहवाल द्यायला."

"जा!" चतुरा म्हणाली. "अहवालाशीच लगीन लावा तुमचं! मी येतो अक्षता टाकाले!"

शुक्रवारी सकाळी कस्तुराबाईने लेकीसमोर शेजारणीची नथ, चुलतीचं जरीचं लुगडं आणि पावडरची डबी मांडली. "पावडर जरा जास्त लाव, माय. उन्हानं काळी पडली तू. आन् पाव्हण्यापुढं बोलू नको. इचारलं तं 'हाव' म्हन. स्वयंपाक येते म्हन."

चतुरा त्या डबीकडे पाहत राहिली. आपण फडक्याने पुसलेल्या विटा तिला आठवल्या. त्या वेळी त्या माणसाचा इतका राग आला होता, आणि आता कळत होतं, बाद झाली होती ती चाचणी, वीट नव्हे. आता आपल्यालाच पुसलं जातंय, वाजवलं जातंय, पोत्याच्या तोंडाशी ठेवलं जातंय. मग आयुष्यभर त्या घरात कुणी म्हणेल, वानगी तर वेगळी होती!

ती उठली आणि भट्टीवर गेली. पाहुण्यांची मोटर आल्याचं कळलं तेव्हा ती साचा घेऊन बसली होती. बोलावणं आलं तशी उठून आली, कोपरापर्यंत गारा, कपाळावर घाम, काचा मारलेलं कामाचं लुगडं. ओसरीवर येऊन उभी राहिली.

अडत्या पोहे खात होता, त्याचा घास थांबला. "नानाजी, ही कोन? मजूर आहे काय?"

"पोरगी आहो," चतुरा म्हणाली. "रोज अशीच असतो. तुमाले रोजचीच न्या लागन नं घरी? मंग रोजचीच पाहा. तुमी अडत्ये, पोत्याच्या तोंडाशी काय असते आन् बुडाशी काय, ते तुमाले मी काय सांगू?"

पुतण्याने काकाकडे पाहिलं. काका म्हणेल ते पाहायचं, काका म्हणेल ते बोलायचं, एवढंच त्याला शिकवलेलं दिसत होतं. पाहुणे उठले. तोंड वाकडं करून उठले, पण पोहे संपवूनच उठले.

नानाजींनी पागोटं जमिनीवर आपटलं. "नाक कापलं! साऱ्या पंचक्रोशीत नाक कापलं पोट्टीनं!" ते किती ओरडले ते सांगण्यात अर्थ नाही, ज्यांच्या घरी पोरगी आहे त्यांना पाठ आहे. चतुरा परत भट्टीवर गेली आणि गारा मळायला बसली. आता रडू आलं. तिच्या जिवाला एकच लागलं होतं. हा गेला, उद्या दुसरा येईल. आणि जो यायला पाहिजे तो अकोल्यात बसून सरासरी काढत असेल.

दुपारच्या मोटरने तो आला. धुळीने पांढरा झालेला, सायकलही नव्हती, धावतच आला असावा.

"पाहुणे?"

"गेले."

"म्हणजे... ठरलं?"

"ठरलं. पोट्टी बेशरम आहे असं ठरलं."

इंद्रभान विटांच्या चळतीवर मटकन बसला. दम घेतला. "काल अहवाल दिला. दोन्ही भट्ट्यांच्या विटा घ्या म्हणून. आणि सोबत अर्ज दिला. मला या पुलावरून काढा. अनसिंगच्या रस्त्यावर टाकलंय मला. खडी मोजायला."

"पूल सोडला?" चतुराला क्षणभर सारं विसरायला झालं. त्या पुलाच्या कमानी तो वाळूत बोटाने काढून दाखवायचा, तेव्हा त्याचा चेहरा कसा व्हायचा ते तिला माहीत होतं. "जीव टाकत होते तुमी त्या पुलावर! काहून सोडला?"

"मी तुमच्या विटा तपासणार, आणि मीच तुमच्या बापाजवळ तुम्हाला मागणार? लोक म्हणाले असते, पोरीपायी विटा पास केल्या. भाऊसिंग म्हणाला असता. आणि त्याचं बरोबर असतं."

भट्टीचा धूर नाल्याकडे वाकला. पळसावर एक कावळा बसला, उडाला. मागणार... हा माणूस 'मागणार' म्हणाला, ते खडी, विटा, भाऊसिंग यांच्या मधोमध दडपून!

चतुराने पुढे होऊन त्याची बाही धरली आणि गदागदा हलवली. "हे आधी सांगता येत नोव्हतं मले? एक शब्द? तोंडात विटा भरल्या होत्या काय?"

"आधी सांगितलं असतं तर अहवालावर..."

"अहवाल जाऊ द्या चुलीत! मी कोनाले सांगनार होती काय? मी थांबली असती. पाव्हण्यापुढं अशी तमाशा होऊन उभी राह्याची पाळी आली नसती माह्यावर!"

"तुमी थांबल्या असत्या, हे मले कुठं माहीत होतं?" आता त्याचाही आवाज चढला, आणि शुद्ध बोली कुठल्या कुठे गळून पडली. "तुमी तं रोज मले शिव्याच देऊन राह्यल्या!"

"इचारलं की माहीत होते मानसाले! त्याच्यासाठी दांडी अन् बादली लागत नाई!"

"मंग इचारतो!" तो उभा राहिला. तिची मूठ अजून त्याच्या बाहीवर होती. "माह्याशी लगीन करसान?"

इतक्या दिवसांचा तळतळाट चतुराला आठवला. तिला वाटलं, याला आठवडाभर टांगून ठेवावं. कळू दे जरा, न बोलणं काय असतं ते. तिने त्याच्या डोळ्यांत पाहिलं... आणि आठवडा काही निभला नाही.

"हाव," ती म्हणाली. "करतो. अन् आता गप नका बसू, बाबा येऊन राह्यले."

नानाजी खरंच येत होते, पागोटं काखेत, मिशा थरथरत. इंद्रभानाला पाहून थबकले. "आता अजून कोनत्या विटा मोडाले आले, साहेब?"

इंद्रभानाने तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं.

"बाबा, ते मले मागाले आले," चतुरा म्हणाली. "त्याइच्या तोंडून निंगता निंगता सांज होईन, म्हनून मीच सांगून देतो. पुलाचं काम सोडून आले ते. विटाइचं आता दुसरा साहेब पाहीन."

नानाजींनी लेकीकडे पाहिलं, कोपरापर्यंतच्या गाऱ्याकडे, रडून लाल झालेल्या डोळ्यांकडे. मग त्या धुळकटलेल्या पोराकडे.

"हिले? ही अशी आहे तरी?"

"अशीच आहे म्हणून," इंद्रभान म्हणाला.

नानाजींनी पागोटं झटकलं, डोक्यावर ठेवलं आणि वळले. "घरी चाला," ते चालता चालता म्हणाले. "उन्हात उभं राहून सोयरीक करत नाईत."

ते पुढे, मागून ही दोघं. बोलत नव्हती; म्हणजे चतुरा बोलत होती, दबक्या आवाजात, तोंड मात्र बंद नव्हतं, आणि इंद्रभान ऐकत होता. दारात कस्तुराबाई उभी होती. इंद्रभानाच्या पांढऱ्या बाहीवर गाऱ्याची पाच बोटं उमटली होती, ओली, ठसठशीत. तिने ती पाहिली, लेकीच्या हाताकडे पाहिलं, आणि आत जाऊन पुन्हा चूल पेटवली.